काकडी मोजायची की सोडायची? (डाएटची सुरुवात आणि भाज्या-फळांच्या कॅलरी)

कोरी_पाटी
मंडळी, बरेच दिवस रोमात (म्हणजे नुसती वाचत) होते, हा माझा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

वजन कमी करायचं मनावर घेतलंय. फोनवर कॅलरी मोजायचं ॲप घेतलं, स्वयंपाकघरातला डिजिटल काटाही बाहेर काढला. बाकी सगळं मोजणं जमतंय, घोडं अडलंय ते भाज्या-फळांपाशी. एक मैत्रीण म्हणते, "भाज्या-फळं हवी तेवढी खा, ती मोजायचीच नसतात." दुसरीचं म्हणणं, काकडीच्या चकत्यासुद्धा वजन करून लिहायच्या, नाहीतर मोजण्याला अर्थच नाही. टोमॅटो, काकडी, पालक, गाजर असं एकेक काट्यावर ठेवून नोंदवेपर्यंत जेवण गार होतं. त्यात ॲप एका केळ्याच्या १०५ कॅलरी दाखवतं आणि दोन बिस्किटांच्या त्याहून कमी. म्हणजे केळं ठेवून बिस्किटं खायची की काय?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रिकामटेकडा
काकडीच्या चकत्या मोजणाऱ्या मैत्रिणीला माझा साष्टांग नमस्कार सांगा. बाकी चालू द्या, जागा धरून बसलोय.

हिशेबी
कोरी_पाटी, कोणती भाजी आणि कोणतं फळ यावर सगळं आहे. 'भाज्या-फळं' असा एकच गठ्ठा धरला की गोंधळ होतो.

१०० ग्रॅमच्या कॅलरी बघा. आकडे ढोबळ आहेत, कच्च्या आणि खाण्याजोग्या भागाचे. काकडी १५, टोमॅटो १८, मश्रूम २२, पालक २३, कोबी आणि फ्लॉवर २५, फरसबी ३१, गाजर ४१, बीट ४३. इथपर्यंत एक घर. पुढे बटाटा ७७, मटार ८१, मका आणि रताळं ८६. हे दुसरं घर. फळांत कलिंगड ३०, स्ट्रॉबेरी ३२, पपई ४३, संत्रं ४७, सफरचंद ५२, आंबा ६०, द्राक्षं ६९, केळं ८९. आणि मग एकदम उडी: ॲव्होकाडो १६०, बेदाणे ३००, ओलं खोबरं ३५० च्या वर.

हा सगळा पाण्याचा खेळ आहे. काकडीत ९५ टक्के पाणी, केळ्यात पाऊण हिस्सा, बेदाण्यात जेमतेम १५ टक्के. खोबरं आणि ॲव्होकाडो वर गेले ते त्यांतल्या फॅटमुळे.

आता तुमची काकडी. समजा तुम्ही ३०० ग्रॅम काकडी, २०० ग्रॅम टोमॅटो, २०० ग्रॅम पालक आणि १५० ग्रॅम कोबी एका दिवसात संपवलात. साडेआठशे ग्रॅम झालं, एका माणसाला पुरून उरेल इतकं. त्याच्या कॅलरी होतात १६५. आणि यातलं अर्धंमुर्धं परतताना दोन मोठे चमचे तेल पडलं, तर नुसत्या तेलाच्या २४०! काटा काढलाच आहे तर तो तेलाच्या बाटलीपाशी ठेवा. काकडीने आजवर कुणाचं वजन वाढलेलं ऐकलेलं नाही.

भटकभवानी
हिशेबींना +१. तेलाच्या चमच्याचं सगळेच विसरतात. सॅलडवर ओतलेलं ड्रेसिंग आणि मेयोनेजही त्यातच धरा. कोबी मोजणार २५ आणि त्यावरचं मेयोनेज 'जरासंच होतं' म्हणून सोडून देणार. मेयोनेज १०० ग्रॅमला ६८० च्या घरात जातं.

शंकासूर
मुळात हे आकडे किती खरे मानायचे? '१५ कॅलरी' लिहिलं की वाटतं कुणीतरी तुमचीच काकडी तपासून सांगितलंय. विल्बर ॲटवॉटर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्रयोग करकरून सरासरी काढली: एक ग्रॅम प्रथिनं ४, कर्बोदकं ४, स्निग्ध पदार्थ ९. आजही जगभरची लेबलं आणि ॲप बहुतांशी त्यावरच चालतात. त्यात तंतुमय पदार्थांची पंचाईत होते. चोथा लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू तो थोडाफार आंबवतात आणि त्यातून थोडी ऊर्जा मिळते. म्हणून युरोपात लेबलवर चोथ्याला ग्रॅममागे २ धरतात. इतर ठिकाणी पद्धत वेगळी. म्हणजे त्याच भाजीचा आकडा देशागणिक बदलू शकतो. शिवाय जात, पिकणं, हंगाम याने फरक पडतो तो वेगळाच.

एवढा ढोबळ आकडा दशांशापर्यंत नोंदवत बसण्यात काय हशील आहे?

हिशेबी
शंकासूर, दशांशाचं मान्य. पण 'आकडे ढोबळ आहेत, म्हणून मोजूच नका' हे मान्य नाही. आकडा १०-१५ टक्के इकडेतिकडे असेल, आपला अंदाज त्याच्या कितीतरी पट चुकतो. १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. 'आम्ही १२०० कॅलरींच्या आत खातो तरी वजन उतरत नाही' म्हणणाऱ्या लोकांची प्रत्यक्ष खर्च होणारी ऊर्जा खास खुणेच्या पाण्याने तपासली (ते पाणी प्यायला देतात आणि त्यातले खुणेचे अणू शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात त्यावरून खर्च काढतात). ते खरं जेवढं खात होते त्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते आणि व्यायाम ५१ टक्के जास्त. गट छोटाच होता आणि कुणी मुद्दाम खोटं बोलत होतं असंही नाही. नजरेचा अंदाज असाच फसतो.

सुरुवातीला मोजायचं ते यासाठी. ५० ग्रॅम द्राक्षं कशी दिसतात आणि २०० ग्रॅम कशी, हे डोळ्यांना एकदा कळलं की काटा कपाटात गेला तरी चालतो.

तिरकस
फळांचं एवढं कौतुक चाललंय पण फळातली साखर ही शेवटी साखरच ना? मी तर डाएट सुरू करणाऱ्या सगळ्यांना सांगतो, आधी फळं बंद करा.

सावली
तिरकस, कृपा करून हा सल्ला सरसकट देऊ नका. मी आहारतज्ज्ञ आहे आणि 'फळं बंद केली आहेत' असं अभिमानाने सांगणारी माणसं रोज समोर बसतात. संध्याकाळी ती काय खातात हे विचारलं की खरी गोष्ट कळते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली ती 'मुक्त साखरे'बद्दल आहेत. वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचे रस त्यात येतात. अख्ख्या फळातली साखर त्यात येत नाही. उलट दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं आणि भाज्या खा असं तीच संघटना सांगते, आणि त्या ४०० ग्रॅममध्ये बटाटा, रताळं असले पिष्टमय कंद धरत नाही.

कोरी_पाटी, तुमच्या केळं विरुद्ध बिस्किटं प्रश्नाकडे येते. फक्त आकड्यावर ठरवलंत तर बिस्किटं जिंकतील. पण सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक प्रयोग केला. वेगवेगळे पदार्थ प्रत्येकी २४० कॅलरींचे दिले आणि पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते विचारलं. पांढऱ्या ब्रेडला १०० धरलं तर केळं ११८, सफरचंद १९७, संत्रं २०२. क्रोसाँ ४७. आणि सगळ्यात वर कोण? उकडलेला बटाटा, ३२३.

दोन बिस्किटं खाऊन तासाभरात पुन्हा डब्याकडे हात गेला तर हिशेबात चार बिस्किटं धरावी लागतील. केळं खा.

रिकामटेकडा
बटाटा पहिला आला? आज जेवताना ही बातमी मोठ्याने वाचून दाखवणार.

सावली
वाचा, पण पूर्ण वाचा. उकडलेला बटाटा. कच्च्याला १०० ग्रॅममागे ७७, सालासकट उकडल्यावर ८७ च्या आसपास, भाजल्यावर पाणी उडाल्यामुळे ९३. तळून फ्रेंच फ्राइज केले की ३०० च्या पुढे. बटाटा तोच.

भटकभवानी
आणि ज्यूस? मी सकाळी मोठा ग्लास संत्र्याचा ताजा रस घेते, साखर अजिबात नाही. तो फळात धरू ना?

हिशेबी
नाही. २५० मिली रसाच्या ११० ते ११५ कॅलरी. एका मध्यम संत्र्याच्या साधारण ६०. ग्लास भरायला तीनेक संत्री लागतात, त्यांचा चोथा गाळणीत राहतो आणि रस दोन मिनिटांत पोटात. तीन संत्री सोलून खायला बसा, दुसऱ्यापाशीच हात थांबेल.

याची तपासणीही झालेली आहे. १९७७ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या एका प्रयोगात सफरचंद अख्खं, गर करून आणि रस काढून असं तिन्ही तऱ्हेने दिलं होतं. रस अख्ख्या सफरचंदाच्या अकरा पट वेगाने संपला आणि समाधान सगळ्यात कमी रसाने झालं. २००९ मध्ये अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांच्या गटाने जेवणाआधी सफरचंदाच्या फोडी दिल्या, तेव्हा त्या फोडी धरूनसुद्धा लोकांनी एकूण १५ टक्के कमी खाल्लं. रसाने तसा परिणाम दिसला नाही, त्यात चोथा परत मिसळला तरीही.

म्हणून माझा नियम: चावून खाल्लं तर फळ, प्यायलं तर पेय. पेय म्हटलं की नोंद करायचीच.

भटकभवानी
हिशेबी, तुम्ही माझी सकाळ घालवलीत. 😐

शंकासूर
'चावून खाल्लं तर फळ' या नियमात बेदाणे आणि खजूर सुटून जातात की! चावूनच खातो आपण.

हिशेबी
बरोबर, ते राहिलं. सुकवलेली फळं वेगळी काढा, ती काट्यावरच घ्या. द्राक्षं ६९ आणि बेदाणे ३००, म्हणजे मूठभर बेदाण्यांत मोठ्या वाडग्याएवढी द्राक्षं बसतात. खजूरही पावणेतीनशेच्या पुढे. 'नैसर्गिक आहे' म्हणून येताजाता तोंडात टाकणाऱ्यांचं गणित इथे फसतं.

कोरी_पाटी
बापरे, केवढी माहिती! सगळ्यांचे आभार. दोन बारीकसारीक शंका आहेत. एक, केळं सालासकट मोजायचं की सोलून? दोन, केळं जास्त पिकलं की गोड होतं, मग कॅलरी वाढतात का?

निवांत
पहिलीचं मी सांगतो. सोलून. सालाचं वजन जवळजवळ एक तृतीयांश असतं. १८० ग्रॅमचं केळं सालासकट काट्यावर ठेवून नोंदवलंत तर ॲप १६० दाखवेल, खाणार तुम्ही १०५. कलिंगड, आंबा, अननस, सगळ्यांना हेच लागू. सोपी युक्ती: कलिंगडाचा तुकडा बशीसकट काट्यावर ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा, खाऊन झालं की सालासकट बशी परत ठेवायची. उणे जो आकडा दिसेल तेवढं पोटात गेलं. फोडी करत बसायला नको.

सावली
आणि दुसरीचं: पिकताना केळ्यातल्या पिष्टाची साखर होते, म्हणून ते गोड लागतं. एकूण कॅलरी जवळपास तेवढ्याच राहतात. रक्तातली साखर मात्र पिकलेल्या केळ्याने लवकर वाढते, त्यामुळे मधुमेह असेल तर हा फरक महत्त्वाचा.

विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर फळांचं प्रमाण ठरवण्याचं काम ॲपवर सोपवू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळी, बटाटे, टोमॅटो, पालक यांतलं पोटॅशियम बघावं लागतं. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेत असाल तर पालेभाज्या अचानक दुप्पट करू नका, त्यांतल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम कमी होतो. या सगळ्यांनी डॉक्टरांना विचारूनच बदल करायचा. आणि पूर्वी कधी खाण्याशी भांडण झालेलं असेल, उपाशी राहणं, खाऊन उलटी काढणं असं काही, तर कॅलरी मोजण्याच्या वाटेला एकट्याने जाऊ नका.

तिरकस
सेलरी आणि काकडी 'निगेटिव्ह कॅलरी' असतात म्हणे. पचवायलाच जास्त खर्च होतात. मग ती खाल्ली की वजा धरायची का? (ह. घ्या.)

शंकासूर
हलकंच घेतलंय, तरी उत्तर देतो. कर्बोदकं पचवायला त्यांच्यातल्या ऊर्जेचा ५ ते १० टक्के भाग लागतो, प्रथिनांना २० ते ३०. शंभराच्या वर जाणारं काहीच नाही. १५ कॅलरींतून एकदोन गेल्या तर तेरा उरतात. वजा होत नाही.

हिशेबी
आज शंकासूर आणि मी एका बाजूला. तारीख लिहून ठेवा.

निवांत
मला वाटतं तुम्ही सगळे मिळून नवशिक्या माणसाला घाबरवताय. वेट वॉचर्स ही वजन कमी करायला मदत करणारी अमेरिकन कंपनी, कॅलरींऐवजी प्रत्येक पदार्थाला पॉइंट देणारी. त्यांनी २०१० मध्ये ही पॉइंट्सची पद्धत बदलली तेव्हा बहुतेक ताजी फळं शून्य पॉइंटांची केली. आधी त्यांना पॉइंट होते. फळात कॅलरी असतात हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? पण १०० कॅलरींचं सफरचंद आणि १०० कॅलरींचं बिस्कीट एकाच भावाने तोलले की माणूस बिस्कीट उचलतो, हे त्यांनी ओळखलं. धागाकर्तीचा प्रश्नही तोच आहे. त्यामुळे पहिला महिनाभर फळं-भाज्या पूर्ण मोकळ्या ठेवाव्यात, बाकीचं मोजावं. वजन हललं नाही तर मग फळं मोजायला घ्यावीत.

हिशेबी
निवांत, ज्याचं वजन बरंच जास्त आहे त्याला हे चालेल. त्याची रोजची तूट, म्हणजे खर्चापेक्षा जेवढ्या कॅलरी कमी खाल्ल्या त्या, ५००-६०० ची असते, दोन फळांनी फार बिघडत नाही. पण जिला चार-पाच किलोच कमी करायचेत, तिची तूट असते २५०-३०० ची. 'फळं मोकळी' म्हणून तिने नेहमीच्या जेवणावर तीन केळी चढवली की ३१५. संपली तूट. मग ती इथेच येऊन विचारणार, सगळं नीट करूनही काटा का हलत नाही.

सावली
मी दोघांच्या मध्ये आहे. माझ्याकडे येणाऱ्यांना मी पाणीदार भाज्या कधीच मोजायला लावत नाही. मोजायची धास्ती बसली की माणसं भाज्याच कमी खायला लागतात. भाजी खाल्ल्याबद्दल दंड भरतोय असं त्यांना वाटतं. बटाटा, रताळं, मका, मटार हे मी भाजीत न धरता धान्याच्या जागी धरते आणि मोजायला लावते. २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी लाखभराहून जास्त लोकांची चोवीस वर्षांपर्यंतची माहिती तपासली. फळं आणि पिष्ट नसलेल्या भाज्या वाढवणाऱ्यांचं वजन काळानुसार तुलनेने उतरलेलं दिसलं, बटाटा, मका आणि मटार वाढवणाऱ्यांचं वाढलेलं. हा नुसता संबंध आहे, कारण सिद्ध झालं असं नाही. पण हे गट वेगळे ठेवावेत यासाठी एवढं मला पुरतं.

फळं मी ग्रॅममध्ये न मोजता नगावर मोजायला सांगते. मध्यम आकाराचं एक फळ म्हणजे ८०, केळं असेल तर १००. दिवसाला दोन-तीन. संपलं.

कोरी_पाटी
सावलीताई, हे मला झेपेल. पाणीदार भाज्या सोडून देते, तेल काट्यावर घेते, फळं नगावर लिहिते, बटाटा-मटार वजनाने. रस तसाही आवडत नाही. फक्त एक विचित्र गोष्ट: ॲपमध्ये 'टोमॅटो' शोधलं तर पाच-सहा नोंदी येतात. एकात १८, एकात ७५, एकात चक्क ८२! ज्यात ७५ आहे त्यात बाकी सगळं तसंच.

निवांत
७५ वाली नोंद बहुधा किलोज्यूलची आहे, ते ऊर्जेचं दुसरं एकक. आणि आपण जिला नुसतं कॅलरी म्हणतो ती खरी किलोकॅलरी. एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल, १८ ला गुणा, पंचाहत्तरच येतात. काही देशांत लेबलवर किलोज्यूल असतात, कुणीतरी तोच आकडा तसाच टाकला असणार.

हिशेबी
आणि ८२ म्हणजे टोमॅटो पेस्ट. आटवून दाट केलेली, १०० ग्रॅमला ८० च्या आसपासच असते. अशा ॲपमध्ये पुष्कळ नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात, त्यामुळे पहिली दिसली ती उचलायची नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाचा 'फूडडेटा सेंट्रल' हा साठा फुकट आणि खुला आहे, शंका आली की तिथे ताडून बघा. शिवाय वजन कच्च्याचं केलं असेल तर नोंदही कच्च्याचीच निवडा. अर्धा किलो मश्रूम परतून ओंजळभर होतात. वजन शिजल्यावर करायचं आणि नोंद कच्च्याची घ्यायची, असं केलं की हिशेब कुठच्या कुठे जातो.

सावली
एक राहिलं. आजवर भाज्या कमी खात असाल तर उद्यापासून एकदम साडेआठशे ग्रॅमवर उडी मारू नका. पोट फुगेल, गॅस होतील आणि दोष डाएटला द्याल. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा, पाणीही वाढवा. आणि तेल मोजा म्हटलं म्हणून ते शून्यावर नेऊ नका. गाजर-पालकातला 'अ' जीवनसत्त्वाचा भाग अंगी लागायला थोडं फॅट लागतंच. एखादा लहान चमचा, म्हणजे ४० कॅलरी, त्याला पुरे.

भटकभवानी
ज्यूसचं दुःख गिळून विचारते. फ्रोझन मटार आणि डब्यातलं अननस कसं धरायचं?

हिशेबी
फ्रोझन मटार ताज्यासारखेच धरा, जवळपास तोच आकडा. डब्यातलं अननस कशात बुडवलंय ते लेबलवर बघा. स्वतःच्या रसात असेल तर फळं निथळून घ्या आणि ६० च्या आसपास धरा. घट्ट पाकात असेल तर निथळलं तरी साखर फोडींत मुरलेली असते, लेबलवरचा आकडाच घ्या.

भटकभवानी
पाकातलं आहे. तीन डबे आहेत.

रिकामटेकडा
पत्ता पाठवा, मी डाएटवर नाही.